कडू भोपळ्यात कर्दळीच्या बिया

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर भोपळा निवडताना आधी तो हातावर तोलतात, मग नखाने टिचकी मारतात आणि कान जवळ नेतात. पक्का वाळलेला, जाड भिंतीचा भोपळा खणखणीत बोलतो. आत ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो. सतार-तंबोऱ्याला लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून येतात. खायच्या दुधीचेच ते भाऊबंद, पण चवीला कडूजहर आणि वाळल्यावर लाकडाइतके टणक. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या गल्लीचं नाव पुन्हा सगळीकडे झालं. मी तिथे गेले होते ती मात्र खुळखुळ्यांसाठी.

सांगलीत मी रविवारी सकाळी आमच्या आणि शेजारच्या गल्लीतल्या मुलांना गाणी शिकवते. पेटी एक, तबल्याची जोडी एक, टाळांच्या दोन-तीन जोड्या आणि चिपळ्या. मुलं मात्र बरीच. गाताना प्रत्येकाला हातात काहीतरी हवं असतं आणि ते हवंच, कारण हाताला ताल लागला की गळ्याला तो आपोआप सापडतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बाजारातून प्लॅस्टिकचे खुळखुळे आणले होते. ते सगळे एकाच आवाजात सळसळायचे. दहा मुलांनी वाजवले तरी एकच वाद्य मोठ्याने वाजल्यासारखं ऐकू यायचं. मला दहा वेगवेगळे आवाज हवे होते.

खुळखुळा म्हटलं की पाळण्यातलं बाळ डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे आपण त्याला वाद्य मानतच नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. ज्याचं अंगच वाजतं ते घनवाद्य. टाळ, झांज, चिपळ्या, लेझीम ही सगळी त्यातली, आणि खुळखुळाही त्याच पंगतीत बसतो. झिंबाब्वेमध्ये शोना लोकांचं होशो नावाचं वाद्य आहे. वाळवलेल्या भोपळ्यांची जोडी, प्रत्येक हातात एक. म्बिरा या त्यांच्या मानाच्या वाद्याबरोबर ती वाजते आणि सगळ्या मैफलीची लय तिच्यावर तोललेली असते. तो भोपळा म्हणजे आपल्या दुधीचीच जात आणि आत असतात त्या कर्दळीच्या बिया. हे कळलं तेव्हा मी लगेच उठून परसात गेले, कारण आमच्या न्हाणीच्या पाण्यावर कर्दळीचं रान माजलेलं होतं.

गल्लीतल्या ज्या चाचांकडे मी गेले, त्यांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात लहान भोपळे पडलेले होते. मोठ्या भोपळ्यांच्या गोणीतून आलेले, सतारीला निरुपयोगी.

‘‘चाचा, हे देता का मला?’’

‘‘न्या की ताई. आमच्या काय कामाचे एवढेसे? पण करणार काय याचं?’’

मी सांगितलं. त्यांनी एक भोपळा उचलला, कानाशी हलवला, बाजूला ठेवला. दुसरा हलवला, माझ्या पिशवीत टाकला. ‘‘हलवून बघायचं. आत बी सुटं बोललं की वाळला म्हणायचा. बी भिंतीला धरून असेल तर अजून महिना दोन महिने टांगून ठेवा.’’ निघताना त्यांनी मूठभर बीही बांधून दिलं.

ते बी दादाने तासगावकडच्या आमच्या शेतात, गोठ्याच्या कडेला लावलं. वेल पत्र्यावर चढला आणि पावसाळा संपताना भोपळे धरले. खायचा दुधी कोवळा काढतात. इथे उलट, देठ तपकिरी होऊन सुकेपर्यंत फळाला हात लावायचा नाही. नख रुतलं तर कच्चा, नुसतं घसरलं तर तयार. पत्र्यावर पडून राहिलेले भोपळे ज्या बाजूवर टेकतात तिथे चपटे होतात, म्हणून दादाने काहींना सुतळीच्या शिंकाळ्यात लोंबतं सोडलं. लोंबत वाढलेल्यांची मान सरळ आणि लांब झाली. तीच पुढे मूठ होते, वेगळा दांडा बसवावा लागत नाही.

तोडल्यावर सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगायचे. भोपळ्याच्या आत पाणीच पाणी असतं आणि ते सालीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे वाळायला महिनेच्या महिने लागतात. मध्यंतरी सालीवर काळी-करडी बुरशी चढते. वहिनीला वाटलं सगळे सडले, उकिरड्यावर टाकायची वेळ आली. पण बोटाने दाबून बघितलं तर भोपळे कडक होते. कडक असेल तर बुरशी नुसती वरच्या पापुद्र्यावर असते, फडक्याने पुसून घ्यायची. दाबल्यावर मऊ लागेल तो मात्र काढून टाकायचा, तो आतून गेलेला असतो. हळूहळू भोपळा इतका हलका होतो की उचलताना हात उगाच वर जातो. आमच्या वडिलांच्या पिढीतली मुलं कृष्णेच्या घाटावर असाच सुका भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकली. माणसाला पाण्यावर धरून ठेवणारं ते कवच आहे, मुलांच्या हातात सहज टिकतं.

वाळलेल्या भोपळ्यावर ओलं गोणपाट टाकून रात्रभर ठेवलं की वरचा पापुद्रा सुटतो. नारळाच्या काथ्याने घासलं की तो निघून जातो आणि खाली मधासारखा पिवळसर तपकिरी रंग दिसतो. बुरशीने सोडलेले डाग तसेच राहतात. ते घालवायचा प्रयत्न मी करत नाही. प्रत्येक भोपळ्यावर ते वेगळे असतात आणि मुलं आपला खुळखुळा त्यावरूनच ओळखतात.

आता आतलं काम. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आवाज घडतो तो इथे.

देठाच्या जागी लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने छोटं भोक पाडलं की आत पांढरट, कापसासारखा सुकलेला गर आणि त्यात अडकलेलं बी दिसतं. हे काम घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून आणि नाकातोंडाला फडकं बांधून करायचं. उडणारी धूळ घशाला कडवट लागते आणि नंतर बराच वेळ खोकला येत राहतो. हा कडवटपणा कुकरबिटॅसिन नावाच्या द्रव्याचा असतो. खायच्या दुधीतसुद्धा कधीकधी ते उतरतं. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. म्हणून या कामाची पातेली, चमचे मी वेगळेच ठेवले आहेत, ते स्वयंपाकघरात परत जात नाहीत.

सुका गर आतल्या भिंतीला चिकटून बसतो आणि आवाज पिऊन टाकतो. मी एका भोपळ्यातलं फक्त बी काढलं, गर तसाच ठेवला आणि मूठभर मूग घालून हलवला. उशीत मूग भरल्यासारखा दबका आवाज आला. तोच भोपळा पुरता खरवडून पुन्हा तेच मूग घातले तर स्वच्छ, कोरडी खळखळ. कवच तेच, दाणे तेच. ज्याला खुळखुळा करायचा आहे त्याने बाकी कशात घाई केली तरी चालेल, खरवडण्यात करू नये.

शोना लोक भोपळा मिठाच्या पाण्यात उकळून घेतात आणि मग आतून खरवडतात. मीही तसंच केलं. मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी, भोपळा बुडलेला राहावा म्हणून वर दगड. गर फुगून मऊ होतो. मग जाड तारेला पुढे आकडा करून सगळीकडून ओढायचं. जिथे तार पोचत नाही तिथे मूठभर धारदार बारीक खडी आणि थोडं पाणी घालून, भोक अंगठ्याने दाबून जोरजोरात घुसळायचं. पाणी गढूळ निघतं, ओतायचं, पुन्हा भरायचं. पाणी नितळ येऊ लागलं की झालं. दंड भरून येतात, पण माझ्याकडच्या मुलांना सगळ्यांत आवडतं ते हेच काम. ते अंगणात ओळीने उभे राहून भोपळे घुसळत असताना मी पेटीवर एक साधी चाल धरली आणि काही वेळाने सगळ्यांची घुसळण एका लयीत आली. शिकवलं कोणीच नव्हतं. मग भोपळे भोक खाली करून उन्हात ठेवायचे, आत टिपूसही ओल राहता कामा नये.

भोपळे वाळत असताना दाण्यांची परीक्षा चालू होती. आमच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे त्या दिवसांत जमिनीवर आले. सासूबाई पहिल्यांदा नुसत्या बघत होत्या, मग त्याच पुढे झाल्या आणि डोळे मिटून ऐकून सांगू लागल्या, ‘‘ही नाचणी. हे तांदूळ. हे काय घातलंस, चिंचोके?’’ नाचणी आणि राळ्याचा आवाज अगदी बारीक, लांबच लांब सळसळ. हात थांबला तरी क्षणभर चालू राहते. तांदूळ थोडे टोकदार, छिस्स असा. ज्वारी गोल असल्यामुळे मोकळी वाजते. मूग आणि तूर खळखळतात. चिंचोके खडखड करतात, पण त्यांच्या सपाट बाजू भिंतीला घासत जातात, त्यामुळे ठोका नीट उमटत नाही. रिठ्याच्या काळ्या बिया आणि सागरगोटे इतके जड की प्रत्येक आपटणं सुटं ऐकू येतं. ते मोठ्या भोपळ्यात, सावकाश लयीला शोभतात.

आणि कर्दळ. फुलं गळाल्यावर तिला खरबरीत, काटेरी दिसणारं तीन कप्प्यांचं बोंड येतं. ते सुकून उकललं की आतून वाटाण्याहून लहान, काळ्याभोर, गोल गरगरीत बिया निघतात. नखाला, दाताला दाद देत नाहीत. भोपळ्यात त्या भिंतीवर घासत बसत नाहीत, एकदम निघतात आणि एकदम आपटतात. त्यामुळे ठोका काटेकोर येतो आणि लगेच थांबतो. तालाला हेच हवं. सगळे दाणे ऐकून झाल्यावर सासूबाई, गाण्याशी ज्यांचा संबंध देवघरातल्या आरत्यांपुरता, म्हणाल्या, ‘‘याला तोंड आहे.’’ मला यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

कर्दळीचा आणखी एक मोठा गुण म्हणजे तिला कीड लागत नाही. तांदळात पोरकिडे होतात, मुगाला भुंगे लागतात, आणि बंद खुळखुळ्यात एकदा पीठ झालं की त्याचा आवाज गेलाच. धान्य घालायचंच असेल तर कडक उन्हात वाळवून, आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून, पुन्हा वाळवून मग भरावं.

काही बिया मात्र घरातही आणायच्या नाहीत. गुंजा दिसायला सुंदर, वाजायलाही छान, पण त्यांच्यात जहाल विष आहे. कवच फुटून एखादी मुलाने चावली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाचं बीही तसंच, धोतऱ्याचंही. शहरातली मुलं सहलीला गेली की रंगीत बी दिसेल ते खिशात घालतात, म्हणून मी पहिल्याच दिवशी या तिन्हींची चित्रं काढून दाखवते.

किती बिया घालायच्या याचं उत्तर कानाशिवाय कोणाकडे नाही. मुठीएवढ्या पोटाच्या भोपळ्याला कर्दळीच्या ४०-५० बिया मला बऱ्या वाटल्या. जास्त घातल्या की त्या एकमेकींवरच आपटतात, भिंतीपर्यंत पोचतच नाहीत, आणि आवाज घट्ट होतो. कमी असल्या तर ठोका विरळ, फुटका येतो. पोटाचा चौथा हिस्साही भरता कामा नये. मी भोकाला चिंधीचा बोळा लावून हलवते, पण ऐकायला दुसऱ्या कोणाला तरी अंगणाच्या त्या टोकाला उभं करते. कानाशी गोड वाटणारी बारीक सळसळ तिथपर्यंत पोचत नाही आणि हातात कर्कश वाटणारी कर्दळ लांबून अगदी बरोबर ऐकू येते. जोडी करायची असेल तर एकात थोड्या जास्त, दुसऱ्यात कमी, म्हणजे एक खालचा आणि एक वरचा असे दोन आवाज मिळतात. डग्गा-तबल्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच पटतं.

मनासारखं जमलं की भोक बंद. बांबूची किंवा सागाची खुंटी तासून, तिला लाकडाचा भुसा कालवलेला फेविकॉल लावून ठोकायची आणि दिवसभर तशीच राहू द्यायची. लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूची खुंटी निघाली तर बिया थेट तोंडात किंवा नाकात जातात, म्हणून वाळल्यावर मी ती स्वतः ओढून बघते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात हे वाद्य मी एकटं देत नाही. बाहेरून जवसाचं तेल अगदी पातळ, दोन-तीनदा, प्रत्येक वेळी उन्हात सुकवून. चाचांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पुसण्याने लावायला सांगितलं होतं. ती चमक फार सुरेख येते, पण मुलांच्या घामट हातातून तो भोपळा निसटतो. तेलाचा हाताला धरून राहतो.

भोपळे सगळ्यांना पुरणार नव्हते. तेव्हा कवठं आठवली. महाशिवरात्रीच्या सुमाराला मंडईत कवठांचे ढीग लागतात आणि आमच्याकडे चटणी होतेच. एरवी आपण ती फोडतो. मी सुताराकडून गिरमिट आणून देठाच्या जागी भोक पाडलं, चाकूने थोडं मोठं केलं आणि लांब दांड्याच्या चमच्याने गर काढला. गर निघतो, पण त्याचे धागे चिवट असतात. थोडा जरी राहिला तरी मुंग्या लागतात, कारण तो आंबटगोड असतो. इथेही खडी-पाण्याने घुसळणं हाच उपाय. वाळल्यावर कवठाचं कवच दगडासारखं होतं. मूठभर आकाराचं, गोल, मुलाच्या तळहातात नेमकं बसणारं. आत ज्वारी घातली तर ठसठशीत, लाकडी टकटक येते. पूर्ण हात हलवायची गरज नाही, मनगट पुरतं. माझ्या मते कवठाचा खुळखुळा लहान मुलांसाठी भोपळ्याहून चांगला. पडला तरी फुटत नाही, आणि चटणीही होते.

बेलफळाचंही असंच करता येतं. करवंटीचं मात्र मला तितकं जमलं नाही असं नाही, पण दोन अर्ध्या करवंट्या जोडल्या की सांध्यापाशी दाणे अडकतात. त्यापेक्षा करवंट्या सुट्या ठेवून एकमेकींवर वाजवाव्यात, टापांसारख्या.

ज्यांना कापाकापी करायची नाही त्यांच्यासाठी झाडांनीच वाद्यं करून ठेवलेली आहेत. गुलमोहराच्या शेंगा फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण झाडावर काळ्या होऊन लोंबत असतात. हातभर लांब, आत प्रत्येक बी आपापल्या आडव्या खाचेत. बी त्या खाचेतच हलतं, त्यामुळे शेंग हलवली की सगळीकडून एकदम कडकड येते. त्या पिकून दोन फाकांत उकलायला लागायच्या आधी गोळा कराव्यात आणि दोन्ही टोकांना सुतळी गुंडाळावी. कॅरिबियन बेटांवरही याच शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजवतात. तिथेही गुलमोहर मादागास्करहूनच पोचला, जसा आपल्याकडे. शिरीषाच्या शेंगा पातळ, गवती रंगाच्या, कागदासारख्या. पाच-सहा एकत्र बांधून हलवल्या की पाऊस जवळ आल्याचा आवाज येतो. बहाव्याच्या लांब नळीसारख्या शेंगा नीट सुकल्या तर आत कप्प्याकप्प्यांतून बी वाजतं. मात्र त्या एकेकट्या वाजवायच्या, समूहात ऐकू येत नाहीत.

तागाच्या शेंगांसाठी दादाला आधीपासून सांगून ठेवावं लागलं. ऊस लावण्याआधी रानात ताग पेरतात आणि फुलोऱ्यावर आला की गाडतात. हिरवळीचं खत ते, शेंगा धरेपर्यंत कोणी थांबत नाही. दादाने एक कोपरा राखला. फुगीर, बोटाच्या पेराएवढ्या शेंगा सुकल्यावर झुडपासकट हलवल्या तर सगळं झुडूप छुमछुमतं. मी फांद्या तशाच कापून, बुंध्याला चिंधी बांधून मुलींच्या हातात दिल्या. हा आवाज सगळ्यांत नाजूक. त्याला फक्त गळा आणि तंबोरा एवढीच साथ सोसते. आणि शेंगा जपून हाताळायच्या, बी जनावरांच्या वैरणीत जाऊ द्यायचं नाही, त्याने ती आजारी पडतात.

बांबूचं काम मी बुरुड आळीतल्या मावशींवर सोपवलं. त्या सुपं-टोपल्या विणतात, आणि बाळासाठी विणीचा खुळखुळा त्यांच्या आईच्या हातचा होता असं त्या सांगत होत्या. ओल्या कामट्यांचा छोटा गोळा विणत आणला, शेवटची फट राहिली तेव्हा मी हातातल्या कर्दळीच्या बिया आत सोडल्या आणि त्यांनी दोन वेढ्यांत तोंड मिटवलं. विणीतून आवाज बाहेर पडतो, म्हणून तो भोपळ्यापेक्षा उघडा, हलका. बांबूला भुंगा लागू नये म्हणून त्या कापलेला बांबू बरेच दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. त्याने बांबूतली पिठूळ द्रव्यं निघून जातात आणि भुंग्याला खायला उरत नाही.

सगळं तयार झाल्यावर वाजवायला बसलो, आणि खरी तालीम तिथून सुरू झाली. तबल्यावर बोट पडलं की आवाज त्याच क्षणी येतो. खुळखुळ्यात हात आधी हलतो, बिया हवेतून जातात, आणि भिंतीवर आपटल्यावर आवाज येतो. मधला तो अगदी छोटा वेळ हाताला समजावा लागतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आवाज हवा तर हात समेच्या जरा आधी निघाला पाहिजे. मोठ्या भोपळ्यात बियांना जास्त अंतर जावं लागतं, कवठात कमी, म्हणून प्रत्येकाचा हात वेगळा. मुलांना मी हे शब्दांत सांगितलं नाही. केरव्याचे बोल म्हणायला लावले, धागे नाती नक धिन, आणि हात पुढे झटकून एकदम थांबवायला सांगितला. थांबवणं महत्त्वाचं. हात लुळा पडला की बिया भिंतीवरून घरंगळत राहतात आणि ठोक्याची नुसती सळसळ होते. पुढे जाणारा झटका जोरकस, मागे येणारा हलका: एवढ्या एका फरकाने आठ मात्रांना चाल येते. दादऱ्याला तीन-तीनचा हेलकावा. तिथे भोपळ्यांनी पहिली मात्रा धरली आणि शिरीषाच्या जुड्या बाकीच्या मात्रांवर हलत राहिल्या. माझ्याकडचा एक अबोल मुलगा, जो गाताना ओठही हलवत नाही, त्याच्या हातात रिठ्याच्या बियांचा मोठा भोपळा दिला. दर आवर्तनात फक्त समेवर एकदा वाजवायचं. तो एकदाही चुकला नाही. आता बाकीची मुलं सम शोधायला त्याच्याकडे बघतात.

आषाढीला शाळेच्या दिंडीत मुलांनी ही सगळी वाद्यं नेली, टाळ-मृदंगाच्या मागे. त्या दिवसांत हवेत ओल असते, आणि तेव्हा कोणाचं काय होतं ते उघड झालं. गुलमोहराच्या शेंगा दमट होऊन मंदावल्या, शिरीष आणि ताग तर जवळजवळ मुके झाले. उन्हात किंवा चुलीच्या उबेला ठेवल्यावर त्यांचा आवाज परत येतो, पण प्रत्येक वेळी थोडा कमीच. भोपळे, कवठं आणि बांबूचे गोळे तसेच वाजत राहिले, कारण कर्दळीची बी ओल धरत नाही. म्हणून आता मी शेंगांची गाणी होळी ते मे महिन्यापर्यंत घेते आणि पावसाळ्यात भोपळ्यांवर येते. शेंगा दरवर्षी नव्या गोळा करायच्या, जुन्या खतात. भोपळे मात्र कोरड्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून, एकमेकांना टेकणार नाहीत असे.

उकळण्याआधी काढून ठेवलेलं भोपळ्याचं बी मुलांनी वाटून नेलं आहे. कोणी परसात, कोणी गच्चीवरच्या पिंपात लावणार आहे. प्रत्येक पुडीवर मी ‘कडू, खायचा नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ज्यांच्याकडे खायच्या दुधीचा वेल आहे त्यांना हा वेल लावूच नका म्हणून सांगितलं. दोन्हींचे परागकण मिसळले की त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, पण त्याचं बी राखून पुढच्या वर्षी लावलं तर कडू दुधी ताटात येऊ शकतो. त्या घरांतल्या मुलांना मी कर्दळीचे कंद दिले आहेत.